नाव बदललं, पत्ता कुठला?

आपल्या शहराचं जुनं नाव इंग्रजीत लिहायला १० अक्षरं लागायची. नव्याला २४ लागतात. पाकिटावर पत्ता लिहिताना हा फरक कुणाला जाणवत नाही, पण वेबसाइटच्या पत्त्यात, तेही बसमध्ये उभं राहून एका अंगठ्याने टाइप करताना? जाम जाणवतो! त्यात 'छत्रपती'च्या सुरुवातीला एच एक की दोन, यावर तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येच दोन पार्ट्या पडतील. पैज लावा हवं तर.

तर मंडळी, या आठवड्याचा विषय हाच. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राने शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा, तालुका आणि विभागाचंही नाव बदललं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनची पाटी बदलली आणि स्टेशनचा कोडही नवा झाला. विमानतळाचा तीन अक्षरी कोड मात्र जुनाच, आयएक्सयू. तशी नाव बदलायची सवय या शहराला जुनी आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. फरक एवढाच, की मलिक अंबरला वेबसाइट रीडायरेक्ट करावी लागली नाही!

तुम्हाला मात्र करावी लागणार आहे. कारण तुम्ही वाळूजला शिफ्ट करत असाल, शेंद्र्याला क्वालिटीत असाल नाहीतर सिडकोतल्या एखाद्या आयटी ऑफिसात बसत असाल, घरचे वेबमास्तर तुम्हीच. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग बघ जरा' असं म्हणत बाबांच्या दुकानाची, ताईच्या क्लासची, मामांच्या वेरूळजवळच्या होम स्टेची वेबसाइट तुमच्याच गळ्यात पडलेली असते. आणि त्यातल्या निम्म्या साइट्सच्या पत्त्यात शहराचं जुनं नाव ठाण मांडून बसलंय.

म्हणून यावेळी एकच नवीकोरी वेबसाइट घेऊन तिचं कौतुक करण्याऐवजी मी टूल्सची एक अख्खी पेटीच तपासली. गिनिपिग म्हणून एका मैत्रिणीच्या घरच्या दुकानाची साइट घेतली. हिमरू शाली आणि पैठणी, पैठण गेटजवळचं दुकान, पत्त्यात जुनं नाव. प्रत्येक टूलला तीन प्रश्न विचारले. फुकट असेल तर किती काळ? आपला माल त्यातून बाहेर काढता येतो का? आणि मराठी नीट चालते का? चला तर.

आधी सातबारा बघा!
टूल : आयकॅन लुकअप
रेटिंग : पाचपैकी साडेचार

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. वेबसाइटच्या बाबतीत मात्र दहा दहा वर्षं कुणी बघत नाही, की डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे. आयकॅन ही संस्था जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघते. तिच्या लुकअप पानावर तुमच्या साइटचं नाव टाका. कुठल्या कंपनीकडे ते नोंदलंय, कधी घेतलं आणि कधी संपतंय, हे काही सेकंदांत कळतं. पूर्वी याला 'हूइज' म्हणायचे. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी त्याची जागा 'आरडॅप' या नव्या पद्धतीने घेतली आहे. 'डॉट इन'चा कारभार आपल्या निक्सी या संस्थेकडे आहे.

एक गोची आहे. प्रायव्हसीच्या नियमांमुळे मालकाचं नाव आताशा बहुतेक वेळा झाकलेलं असतं. त्यामुळे खरा सातबारा असतो तो डोमेन कंपनीच्या खात्यात. त्या खात्याचा लॉगिन कुणाकडे आहे? रिन्यूअलचा मेल कुणाला जातो?

मैत्रिणीच्या घरी हा प्रश्न विचारला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साइट २०१३ ची. बनवणारा डिझायनर पुढे पुण्याला गेला, डोमेन त्याच्याच खात्यात, आणि त्या खात्याचा ईमेल त्याने कधीच बंद केलेला. लुकअपवर संपायची तारीख पाहिली तर १९ दिवस उरलेले. डिझायनर भला माणूस निघाला. फोन केल्यावर त्याने जुन्या कंपनीशी झगडून खातं उघडलं आणि डोमेन काकांच्या नावावर करून दिलं. पण तो नंबर बदलून बसला असता तर? डॉट कॉम डोमेन मुदतीनंतर कंपनीने रद्द केलं की साधारण ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. पुढच्या पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं, आणि मग कुणीही उचलावं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, दुकानाचा बोर्ड रंगवायचा तर पेंटर माझ्या ओळखीचा. याचा पेंटर कोण ते मलाच माहीत नव्हतं!"

म्हणून पहिलं काम : डोमेन घरातल्या माणसाच्या नावावर, ईमेल घरातला, मोबाइल घरातला. बाकी सगळी टूल्स यानंतर.

जुन्या दारावर नवी पाटी
टूल : गूगल सर्च कन्सोल
रेटिंग : पाचपैकी पाच

आता मुख्य प्रश्न. पत्ता बदलायचा का?

माझं स्पष्ट मत : नवा पत्ता घ्या, पण जुना सोडू नका. आणि नवा घेताना शक्यतो शहराचं नावच टाळा. दुकानाचं नाव, कारागिरीचं नाव, आडनाव, काहीही चालेल. २४ अक्षरांत दुकानाचं नाव जोडलं की पत्ता नव्हे, मालगाडी होते. शिवाय कार्डावर छापलेलं एक 'एच' चुकलं की गिऱ्हाईक भलत्याच दारात.

पण जुनं नाव काढून टाकायलाही घाई नको. परदेशी पर्यटकाच्या हातातल्या जुन्या गाइडबुकात जुनंच नाव आहे. अजिंठा-वेरूळला १९८३ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, म्हणजे कितीतरी वर्षांची पुस्तकं, प्रवासवर्णनं आणि लिंका जगभर पसरलेल्या आहेत. त्या लिंकांवरून येणारा माणूस आपल्याला हवाच आहे. गंमत म्हणजे बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, आणि नुसतं 'संभाजीनगर' म्हणाल तर कोल्हापुरात आणि चिंचवडलाही त्या नावाची वस्ती आहे. तेव्हा पानावर पूर्ण नाव एकदा आणि 'जुने नाव औरंगाबाद' असं एकदा, सरळ वाक्यात लिहा. दोन्ही नावं वीस वीस वेळा कोंबायची गरज नाही. गूगल तेवढं भोळं राहिलेलं नाही.

आता तांत्रिक भाग. घाबरू नका, सोपा आहे. जुन्या पत्त्यावर '३०१' नावाचा रीडायरेक्ट लावायचा. म्हणजे जुन्या दारावर 'आम्ही कायमचे पलीकडच्या गल्लीत गेलो आहोत' अशी पाटी. ही पाटी पानागणिक लावा. जुनं शालींचं पान नव्या शालींच्या पानावर जायला हवं. सगळ्यांना सरसकट होमपेजवर ढकललं की लोक वैतागून परत जातात.

मग सर्च कन्सोल. ज्यांनी २०१५ च्या आधी साइट्स केल्यात त्यांना हा 'वेबमास्टर टूल्स' म्हणून आठवत असेल. त्यात 'चेंज ऑफ ॲड्रेस' अशी सोय आहे. जुनी आणि नवी, दोन्ही डोमेन तुमची आहेत हे सिद्ध करा आणि गूगलला स्थलांतराची वर्दी द्या. रीडायरेक्ट किमान १८० दिवस ठेवा असं गूगल इथे सांगतं, आणि जमेल तर वर्षभर किंवा जास्त. मी म्हणेन, जोवर दुकान आहे तोवर ठेवा. वर्षाला एका पिझ्झाच्या आसपास खर्च येतो. जुनं डोमेन सोडलंत आणि दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या जुन्या कॅरीबॅगवरचा क्यूआर कोड उद्या कुणाच्या दुकानात नेईल याचा नेम नाही.

पूर्ण फुकट, आकडे फाइलमध्ये उतरवून घेता येतात, मराठी शब्दांनी झालेले सर्चही दिसतात. मैत्रिणीला पहिल्यांदाच कळलं, की लोक 'हिमरू' हा शब्द इंग्रजीत तीन स्पेलिंगांनी शोधतात!

फुकटचं घर, मालकाची मर्जी
टूल : गूगल बिझनेस प्रोफाइल
रेटिंग : नकाशासाठी पाचपैकी पाच, घर म्हणून शून्य

दुकानाचं नाव शोधल्यावर उजवीकडे फोटो, वेळ, फोन नंबर आणि स्टार दिसतात ना, ते हे प्रोफाइल. २०२१ पर्यंत याचं नाव 'गूगल माय बिझनेस' होतं. हे भरलं नसेल तर आजच्या आज भरा. शहराचं नाव, पिन कोड, सुट्टीचा वार, सगळं तपासा. होम स्टेवाल्यांनी तर एक ओळ टाकाच : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. या एका ओळीने कितीतरी पाहुण्यांची फेरी वाचेल.

पण एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. याच सेवेत पूर्वी दहा मिनिटांत फुकट वेबसाइट करून मिळायची. कितीतरी छोट्या दुकानांनी तोच पत्ता कार्डांवर आणि पाट्यांवर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट्स बंद केल्या. काही आठवडे, म्हणजे १० जूनपर्यंत, पत्ता टाकला की प्रोफाइल उघडायचं. त्यानंतर तेही नाही.

यात गूगलने कुणाला फसवलं असं म्हणता येणार नाही, त्यांनी आधी कळवलं होतं. पण मेल कुठल्या इनबॉक्समध्ये पडला आणि कुणी वाचला? २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केली तेव्हा हेच झालं होतं. चमकणारे बॅनर, बॅकग्राउंडला वाजणारी गाणी आणि लाखो लोकांची पहिलीवहिली होमपेजेस, सगळं एकदम गेलं.

विक्ससारख्या तयार बिल्डरवर साइट करत असाल तर आधी विचारा, उद्या ही उचलून दुसरीकडे नेता येईल का? विक्सची साइट विक्सच्याच सर्व्हरवर राहते, आख्खी उचलून हलवता येत नाही. २००३ पासून चालत आलेलं वर्डप्रेस मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते कुठल्याही होस्टिंगवर नेता येतं, पण मग अपडेट आणि देखभाल तुमच्या डोक्यावर. दोन्हीत वाईट काही नाही. फ्लॅट भाड्याने घ्यायचा की बांधायचा, तेवढाच प्रश्न. करार वाचून घ्या म्हणजे झालं.

कोळी सोडा साइटभर
टूल : स्क्रीमिंग फ्रॉग
रेटिंग : पाचपैकी चार

नाव ऐकून हसू नका! किंचाळणारा बेडूक नावाचं हे ब्रिटिश सॉफ्टवेअर गूगलच्या बॉटसारखं तुमच्या साइटवर पानापानातून फिरतं. कुठली लिंक तुटलीये, कुठल्या पानाला शीर्षक नाही, कुठला रीडायरेक्ट दुसऱ्या रीडायरेक्टवर जातोय, सगळं एका तक्त्यात मांडतं. फुकट आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत चालतं, म्हणजे दुकान, क्लास, होम स्टे यांना भरपूर. तक्ता एक्सेलमध्ये उतरवता येतो.

पत्ता बदलल्यावर हे चालवायलाच हवं. मैत्रिणीच्या साइटवर 'कसे यावे' या पानावरचा नकाशा, ब्रोशरची पीडीएफ आणि दोन ऑर्डर फॉर्म अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत होते.

हे इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर घरगुती उपाय. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहा, कोलन द्या, लगेच आपला पत्ता, मग जागा सोडून शहराचं जुनं नाव. गूगलला तुमची जी पानं माहीत आहेत, त्यातली त्या नावाची पानं समोर येतात. एक मार्क कमी दिलाय तो दिसण्यासाठी. स्क्रीन बघून पहिल्यांदा टॅलीच उघडलं की काय असं वाटतं.

पैठणीचा फोटो आणि पाच मिनिटांची वाट
टूल : पेजस्पीड इनसाइट्स आणि स्कूश
रेटिंग : दोघांना मिळून पाचपैकी साडेचार

कपड्याच्या दुकानांची एक कॉमन समस्या असते. पदरावरच्या मोराचा एकेक धागा दिसावा म्हणून भाऊ डीएसएलआरने फोटो काढतो आणि आठ एमबीची फाइल तशीच वेबसाइटवर चढवतो. घरच्या वायफायवर मस्त दिसते. अजिंठ्याच्या रस्त्यावर कमी रेंजमध्ये बघणाऱ्या पाहुण्याला मात्र फक्त पांढरी चौकट.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका, मोबाइलचा रिपोर्ट बघा. तीन आकडे महत्त्वाचे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला पाहिजे. आणि पान लोड होताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारायला नको, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. १०० पैकी मार्कांच्या मागे लागू नका, हे तीन हिरवे झाले की पुरे.

फोटोंसाठी गूगलच्याच लोकांनी २०१८ मध्ये आणलेलं स्कूश वापरा. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबलेला, मधली रेघ सरकवत फरक बघायचा. बघता बघता फोटो एमबीवरून केबीत येतो आणि मोर जागच्या जागी असतो. सगळ्यात भारी गोष्ट, काम तुमच्या ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. नव्या डिझाइनचे फोटो बाहेर पडू नयेत म्हणून जपणाऱ्या दुकानदारांसाठी हे महत्त्वाचं. तक्रार एकच, एका वेळी एकच फोटो. २०० साड्या असतील तर रविवार गेला.

मराठी दिसते, पण मराठीसारखी दिसते का?
टूल : टिरो देवनागरी मराठी आणि नोटो सॅन्स देवनागरी
रेटिंग : पाचपैकी चार

नाव बदलताना बऱ्याच जणांनी साइटवर मराठी पानही जोडलं. छान केलं. पण मजकूर कुठून आणला? गुलमंडीवरच्या डीटीपीवाल्याकडून, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये. छपाईला हे फाँट वर्षानुवर्षं उत्तम चालले. वेबवर मात्र तो मजकूर यूनिकोडमध्येच हवा. नाहीतर आपल्याला दिसणारं मराठी गूगलला निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि कुणी शोधलं तरी सापडत नाही. कन्व्हर्टर बरेच आहेत, पण कुठलाही वापरलात तरी ऱ्हस्व इकार, रफार आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. नेमके तिथेच घोळ होतात.

दुसरी गोष्ट, 'ल' आणि 'श'. हिंदी वळणाचा आणि मराठी वळणाचा ल वेगळा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची प्रमाण वळणं ठरवून दिली. वेबवर मराठी वळण हवं असेल तर गूगल फाँट्सवरचा टिरो देवनागरी मराठी घ्या. तो नावाप्रमाणे मराठी वळणातच येतो आणि मथळ्यांना शोभतो. नोटो सॅन्स देवनागरी वापरत असाल, तर पानाच्या कोडमध्ये भाषा 'हिंदी' न लिहिता 'मराठी' लिहा, फाँट आपोआप मराठी ल, श दाखवतो. एवढी छोटी सेटिंग आहे, पण काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आता आपली वाटते." दोन्ही फाँट फुकट, डाउनलोड करून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात.

आणि पत्ताच मराठीत घेतला तर? 'डॉट भारत' डोमेन देवनागरीत २०१४ पासून मिळतं. २४ इंग्रजी अक्षरांचा आणि एचचा प्रश्नच मिटतो! ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते. पण पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कधी कधी त्याचं इंग्रजी अक्षर-आकड्यांचं विचित्र रूप दिसतं, आणि मराठी ईमेल पत्ता तर अनेक फॉर्म्स स्वीकारतच नाहीत. जोडीला जरूर घ्या, एकमेव पत्ता म्हणून सध्या नको.

किती आले, किती गेले
टूल : गूगल ॲनालिटिक्स आणि गोटकाउंटर
रेटिंग : पहिल्याला साडेतीन, दुसऱ्याला चार

गूगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्यातून ॲनालिटिक्स आलं. त्याच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ ला नवे आकडे घेणं थांबवलं आणि १ जुलै २०२४ पासून जुने आकडेही बंद झाले. ज्यांनी उतरवून ठेवले नाहीत, त्यांचा इतिहास गेला. नेमकं शहराचं नाव बदलण्याआधी किती लोक यायचे आणि नंतर किती, ही तुलनाच अनेकांना करता येत नाही.

नवी आवृत्ती ताकदवान आहे, पण घरच्या दुकानाला जरा जास्तच. घेतलीत तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन डेटा ठेवायची मुदत दोन महिन्यांवरून १४ महिने करा. आपोआप ती दोनच असते. नाहीतर सविस्तर विश्लेषणात यंदाच्या दिवाळीची तुलना गेल्या दिवाळीशी कशी करणार?

साधं हवं असेल तर गोटकाउंटर बघा. मुक्त सॉफ्टवेअर, छोट्या साइटला फुकट, एका पानावर सगळे आकडे, ते उतरवूनही घेता येतात. पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवत नाही. हा मुद्दा आपल्याकडेही महत्त्वाचा होतोय, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. गरज नसताना कुणाची माहिती गोळा न करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

जाता जाता एक फोटो
टूल : वेबॅक मशीन
रेटिंग : पाचपैकी पाच, मनापासून

काहीही बदलायच्या आधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जा आणि 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये जुन्या साइटची महत्त्वाची पानं एकेक करून टाका. १९९६ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था २००१ पासून सगळ्यांना वेबची जुनी पानं दाखवते. आपल्या गिनिपिग साइटची २०१४ ची प्रत तिथे निघाली. तिच्यावर मैत्रिणीच्या आजोबांचा मागावर बसलेला फोटो होता. तो मधल्या एका 'रीडिझाइन'मध्ये गायब झाला होता आणि घरातही दुसरी प्रत नव्हती. आता तो नव्या साइटच्या पहिल्या पानावर आहे.

पण यालाही बॅकअप समजू नका. सगळी पानं, सगळे फोटो तिथे असतीलच असं नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ही साइटच काही दिवस बंद होती. खरी प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर हवी.

तर हिशोब काय? एवढी टूल्स तपासल्यावर माझी कसोटी एकच उरली : हे टूल उद्या बंद पडलं तर माझ्या हातात काय राहील? सर्च कन्सोल गेलं तरी साइट राहते. स्कूश गेलं तरी फोटो राहतात. फुकट बिल्डर गेला तर मात्र पत्ताच जातो. शहराचं नाव बदलणं आपल्या कुणाच्या हातात नव्हतं. पण नाव बदललं तेव्हा ज्यांच्या डोमेनची किल्ली घरात होती त्यांना दोन रविवारचं काम पडलं, आणि ज्यांची नव्हती त्यांना आधी किल्ली शोधत फिरावं लागलं.

या रविवारी फक्त पहिलं काम करा. लुकअप उघडा, तारीख बघा, खातं कुणाचं आहे ते विचारा. उत्तर देताना घरातले एकमेकांकडे बघायला लागले, तर समजा वेळेवर विचारलंत.

पुढच्या आठवड्यात : एका वाक्यात सांगा आणि वेबसाइट घ्या, असं म्हणणारी एआय टूल्स. त्यांनी मला वेरूळच्या होम स्टेसाठी समुद्रकिनाऱ्याचा फोटो दिला, तिथपासून सुरुवात करू. तोवर, हॅपी सर्फिंग!